टिपरच्या काचेवरचा दोन लेन्सचा कॅमेरा: जवळजवळ दोन वर्षं वापरून

गोव्यात साखळीच्या अलीकडे आमचं घर. अंगणाच्या कडेला दोन टिपर उभे असतात, ते माझे. यजमान होते तेव्हा एकच ट्रक होता आणि तो खाणीवर चालायचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, तेव्हा तो ट्रक इतके महिने जागेवर उभा राहिला की टायरांच्या कडेने गवत वाढलं. यजमान गेल्यावर तो विकला, कर्ज काढलं आणि आता खडी, चिरे आणि भरावाची माती यांवर माझं घर चालतं. ड्रायव्हर दोन. एक बावन्न वर्षांचा, त्याला मी इथे थोरला म्हणते. दुसरा तिशीच्या आतला, तो धाकटा.

मोठ्या टिपरवर, म्हणजे तीन अ‍ॅक्सलच्या गाडीवर, मी जानेवारी २०२४ मध्ये डॅशकॅम बसवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धाटणीचे चार-पाच कंपन्यांचे कॅमेरे बाजारात मिळतात आणि मी एकच वापरलाय. एक लेन्स रस्त्याकडे, एक केबिनच्या आत, अंधारात दिसायला इन्फ्रारेड, आवाज रेकॉर्ड होतो, वेगासाठी जीपीएस. म्हापशाच्या दुकानात ८,६०० रुपये पडले, १२८ जीबीचं कार्ड त्यातच आलं. वायरिंगचे ९०० वेगळे.

वायरिंगचं आधी सांगते, कारण तिथेच बरेच लोक फसतात. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची. कारसाठी येणारे स्वस्त कॅमेरे १२ व्होल्टवर चालतात आणि ट्रकला जोडले की जळतात. आमच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचा तसा तिसऱ्या दिवशी जळला. माझ्या कॅमेऱ्याला दोन्ही चालतं, शिवाय गाडी उभी असताना बॅटरी उतरायला लागली की तो आपोआप बंद होतो. आत बॅटरीऐवजी कपॅसिटर आहे, हे दुकानदाराकडून वदवून घेऊनच मी पैसे दिले. एप्रिल-मे महिन्यात होंडा गावी लोडिंगसाठी दोन-दोन तास गाडी उन्हात उभी असते. तेव्हा काचेला हात लावला तर भाजतो. बॅटरीवाले कॅमेरे तशा उन्हात फुगतात. माझा दोन उन्हाळे टिकलाय.

पहिल्या महिन्यात एक घोळ झाला. धक्का बसला की कॅमेरा ती फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढताना ती फाइल पुसली जात नाही. कल्पना चांगली आहे. पण आमचे क्रशरकडे जाणारे रस्ते असे की दर वीस पावलांवर धक्का. आठवड्याभरात कार्ड कुलूपबंद खड्ड्यांनी भरलं आणि रेकॉर्डिंगच थांबलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता, थोरल्याला वाटलं चालू आहे. धक्क्याची संवेदनशीलता सर्वांत कमी करून ठेवली तेव्हा ते सुटलं. टिपरवर बसवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं. दोन्ही लेन्स चालू असताना साधारण दहा तासांचं रेकॉर्डिंग मावतं, मग जुनं पुसत नवं चढतं.

कॅमेरा घेतला तो चोरीच्या आणि खोट्या भांडणांच्या भीतीने. डिझेल कोण काढतं, कोण उगाच आडवा येऊन पैसे मागतो, एवढंच डोक्यात होतं. पण मी रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मधले-मधले तुकडे बघायला लागले आणि ट्रकचे अपघात कसे होतात ते मला अपघात होण्याआधीच दिसायला लागलं.

पहिलं दिसलं ते अनमोड घाटात. धाकटा तेव्हा मोठा टिपर घेऊन बेळगावकडे गेला होता, परतताना मोले गावाच्या बाजूला उतरत होता. कॅमेऱ्यात रस्ता व्यवस्थित, वेग पंचेचाळीसच्या आसपास, वावगं काही नाही. पण आवाज ऐकला तर वळणाच्या आधी इंजिनाची घरघर एकदम खाली येते. त्याने गाडी न्यूट्रलला टाकली होती. डिझेल वाचतं म्हणून. घाट उतरताना न्यूट्रल म्हणजे इंजिनाचा अटकाव गेला, एक्झॉस्ट ब्रेक गेला, सगळं ओझं चाकांच्या ब्रेकवर. ब्रेक सारखा दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटत जाते, आणि पॅडल पुन्हापुन्हा मारलं की टाकीतली हवा भरेपर्यंत दाब खाली येतो. त्याच रेकॉर्डिंगमध्ये, मिनिटभराने, बारीक बझर वाजलेला ऐकू येतो. हवेचा दाब उतरल्याची ती सूचना. केबिनच्या लेन्समध्ये धाकट्याचा चेहरा दिसतो. तो बझर ऐकतो, गाडी गिअरमध्ये घालतो, कडेला घेतो, थांबतो. त्या दिवशी तो वाचला. घरी आल्यावर त्यातलं अक्षरही तो मला बोलला नाही.

मी त्याला समोर बसवून ते दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, ट्रिप जास्त झाली तर मला पैसे जास्त. डिझेल वाचलं तर तुम्ही खूश. मी काय करू?" त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप आली नाही. पैसे ट्रिपवर द्यायची पद्धत खाणींच्या काळापासूनची, यजमानांनी तीच चालवली, मीही तीच. घाटात न्यूट्रल टाकायला त्याला माझ्या हिशेबाच्या वहीनेच शिकवलं होतं. त्या महिन्यापासून दोघांनाही ठरावीक पगार आणि वर थोडा भत्ता केला. महिन्याच्या ट्रिपा कमी झाल्या. दुसरा खर्च मी कमी केला.

तासांचंही तसंच. रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात तारीख-वेळ असते, त्यामुळे ड्रायव्हर सकाळी किती वाजता बसला आणि रात्री किती वाजता उतरला ते लपत नाही. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम व्यावसायिक गाडीच्या ड्रायव्हरला तेव्हा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याचे तास लागू करत होतं (तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता): दिवसाला ८, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. माझ्याच गाडीवर मार्च महिन्यात थोरल्याचे तेरा-तेरा तास निघाले. केबिनच्या लेन्समध्ये संध्याकाळी सहानंतर त्याची पापणी कशी जड होते ते दिसतं. ताशी ४० ने जाणारी गाडी दोन सेकंदांत बावीस मीटर पुढे जाते. एवढा वेळ डोळा लागला किंवा फोनकडे गेला, तर बावीस मीटर रस्ता कोणी बघितलेलाच नसतो. आणि आत अठरा टन खडी.

आता अपघात. जुलै २०२४, सकाळचे साडेआठ, पावसाची भुरभुर. थोरला खडी घेऊन साखळी-डिचोली रस्त्यावरून येत होता आणि एका साइटसाठी डावीकडच्या अरुंद फाट्यावर वळायचं होतं. लांब गाडीला अरुंद फाट्यावर सरळ वळता येत नाही. मागची चाकं पुढच्या चाकांचा माग धरून येत नाहीत, ती आतून कापत येतात. म्हणून ड्रायव्हर आधी थोडा उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे मारतो. थोरल्यानेही तेच केलं. मागून स्कूटरवर डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेला तेवीस वर्षांचा मुलगा येत होता. ट्रक उजवीकडे सरकला, त्याला वाटलं हा उजवीकडे जाणार, म्हणून तो डावीकडच्या मोकळ्या जागेत शिरला. ती जागा दोन सेकंदांत संपली. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. जीव वाचला.

लोक जमले, आरडाओरडा झाला, दोघा-तिघांनी थोरल्याची कॉलर धरली. तो पळाला नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात आणि पोलिसांना कळवायचं असतं. जमावाच्या रागामुळे ते शक्यच नसेल तर सूट आहे, आणि पुष्कळ ड्रायव्हर त्या सुटीच्या आधाराने निघून जातात. थोरल्याने १०८ ला फोन केला आणि मुलाच्या डोक्याखाली आपला रेनकोट गुंडाळून ठेवला. नंतर, मी शिकवून ठेवलं होतं तसं, कॅमेऱ्याची वायर काढून कार्ड खिशात घातलं. हे फार महत्त्वाचं आहे. कॅमेरा चालू राहिला असता तर संध्याकाळपर्यंत सकाळच्या फाइलवर दुसरं काही चढलं असतं. ती कुलूपबंद झाली असेल या भरवशावर राहू नका. माझी झाली नव्हती, स्कूटरचा धक्का टिपरला जाणवण्याइतका मोठा नव्हता.

कार्ड माझ्या हातात आलं ते रात्री नऊला. दोन वाजेपर्यंत मी माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर तेच बारा सेकंद बघत होते.

पुढच्या लेन्समध्ये स्कूटर दिसतच नाही. हा या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा दोष आहे आणि दुकानात कोणी तो सांगत नाही. पुढची लेन्स पुढचं बघते. टिपरचे अपघात डाव्या कोपऱ्यात होतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो, डाव्या दाराखाली, डाव्या पुढच्या चाकाजवळ आणि बंपरच्या अगदी पुढे जे असतं ते त्याला आरशाशिवाय दिसत नाही. पुढच्या लेन्समध्ये काय दिसतं? ओला रस्ता, तुटलेली कड, कडेला चिखल, आणि मग फाटा. इंडिकेटर दिला होता का, तेही दिसत नाही, कारण इंडिकेटर बाहेर.

पण ऐकू येतो. केबिनच्या आवाजात वायपरच्या घासण्याखाली इंडिकेटरच्या रिलेची टिक-टिक स्पष्ट आहे. मी ती मोजली. वळण सुरू होण्याआधी सात टिक-टिक. म्हणजे थोरला खोटं बोलत नव्हता, इंडिकेटर वेळेवर दिला होता. ते ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग केबिनची लेन्स बघितली. थोरला उजव्या आरशात बघतो, समोर बघतो, पुन्हा उजव्या आरशात, आणि डावीकडे मारतो. डाव्या आरशाकडे त्याची मान वळतच नाही. आणि डाव्या खिडकीच्या काचेतून त्या आरशाची कड दिसते: आरसा थरथरतोय. दगडी रस्त्यावर हलतो तसा नाही, ब्रॅकेटचा बोल्ट निघाल्यावर हलतो तसा. त्यात दिसणारं सगळं फिस्कटलेलं.

तो आरसा हलतो हे थोरल्याने मला पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. अंगणात, चहा पिताना. "वहिनी, डावा आरसा धड दिसत नाही, ब्रॅकेट बदलूया." मी म्हटलं होतं, ह्या महिन्याचा हप्ता जाऊ दे. त्या ब्रॅकेटचे १,१५० रुपये होते. जो आरसा थरथरतो त्यात बघायची सवय ड्रायव्हरची पंधरा दिवसांत मोडते. त्याची मान का वळली नाही, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कार्ड पोलिसांना दिलं. आमच्या ओळखीच्या एकाने सांगितलं होतं, पुढची फाइल आणि टिक-टिकीचा आवाज तेवढा द्या, आतली फाइल खराब झाली म्हणा. मी पूर्ण कार्ड दिलं, जप्ती पंचनाम्याची प्रत घेतली आणि आरशाची तक्रार मला आधी मिळाली होती हे जबाबात लिहून दिलं. थोरल्याला तिथे जाण्याआधीच सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "खरं तेच दिसतंय ना, मग द्या."

इथे दोन चुका माझ्या हातून झाल्या त्या कोणी करू नयेत म्हणून लिहिते. पहिली, मी मूळ कार्ड कॉम्प्युटरला लावून उघडून बसले. तसं करू नये. कार्डाला लिहिण्याचं कुलूप असेल तर लावावं, जमलं तर ते बंद पाकिटात ठेवून थेट पोलिसांना द्यावं, आणि बघायचं तर जाणकाराकडून प्रत काढून घेऊन बघावं. दुसरी, कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. जीपीएसची वायर जूनमध्ये सुटली होती, मी लक्ष दिलं नव्हतं. समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला. १०८ च्या कॉलची वेळ फोनमध्ये होती म्हणून ते जुळवता आलं.

व्हिडिओ कोर्टात नुसता पेनड्राइव्हवर देऊन चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या ६३ व्या कलमाखाली प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब म्हणायचे ते. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, म्हणजे माझा, आणि दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची हॅश किंमत त्यात लिहावी लागते. ती फाइलच्या बोटाच्या ठशासारखी असते. एक चौकट जरी बदलली तरी ठसा बदलतो. जुन्या कायद्याखालच्या प्रमाणपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात मिटवला होता: प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं तर नको. आमच्या वकीलबाईंनी हे मला फोंड्याच्या हॉटेलात चहाच्या बशीवर बोटाने आकृती काढून समजावलं. फौजदारी कोर्टात हे काटेकोर लागतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची चौकशी थोडक्यात चालते, तिथे पुराव्याचे नियम इतके ताणत नाहीत, पण कागद चोख असले की वेळ वाचतो.

चूक कोणाची, हे दोन ठिकाणी दोन मापांनी मोजतात, हेही मला तेव्हाच कळलं. थोरल्यावर गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ कलमांखाली: बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. तिथे संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. तो खटला अजून चालू आहे, त्याचा वकील मी दिलाय. भरपाईच्या दाव्यात तेवढं लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं बघतात. तिथे प्रतिवादी तीन: ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी. मी गाडीत नव्हते, हे उत्तर चालत नाही. कामावर असलेल्या नोकराच्या चुकीची भरपाई मालकावर येते आणि थर्ड पार्टी विमा असेल तर ती विमा कंपनी देते. ड्रायव्हरकडे जड मालवाहू गाडीचं चालू लायसन नसेल तर पुष्कळदा कंपनीला जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. थोरल्याचं लायसन, गाडीचं फिटनेस, परमिट, सगळं चालू होतं. वजनकाट्याची पावतीही होती: एकूण २६ टन ४०० किलो, आरसीवरची मर्यादा २८ टन. ही पावती जपून ठेवा. कॅमेऱ्याला वजन दिसत नाही आणि चौकशीत पहिला संशय जास्त मालाचाच घेतात. जास्त मालाला मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमाखाली २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की ट्रक भरलेला किती होता यावर तो थांबायला किती जागा घेणार हे ठरतं.

विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, निम्मी चूक मुलाची, तो डावीकडून पुढे काढत होता. नियम खरंच तसा आहे, ओव्हरटेक उजवीकडून करायचा. पण पुढची गाडी उजवीकडे वळणार अशी खूण देत असेल तर डावीकडून जायची परवानगी आहे, आणि ट्रकचं ते उजवीकडे सरकणं त्याला खुणेसारखंच वाटलं. मुलाला टिक-टिक कशी ऐकू येणार? मागचा डावा इंडिकेटर तरी त्याला दिसला का, तर चिखलाने माखलेला. पोलिसांनी त्या दिवशी काढलेल्या फोटोत तो पिवळा नाही, तपकिरी दिसतो. वळणाऱ्याने वळायची जागा मोकळी आहे हे बघायचं असतं, ते आमच्याकडून झालं नाही. केबिनची फाइल बघितल्यावर कंपनीच्या माणसाने निम्म्याचा हट्ट सोडला. शेवटी मुलाचा वाटा पाचवा हिस्सा धरून लोक अदालतीत तडजोड झाली. अपघातापासून पंधरा महिने लागले. ज्यांना एवढं थांबवत नाही त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं १६४ वं कलम आहे, चूक कोणाची ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख. आणि १६६ खाली दावा करायचा तर अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, २०२२ च्या एप्रिलपासून तशी मुदत आहे.

बांबोळीच्या इस्पितळात मी तिसऱ्या दिवशी गेले होते. वॉर्डच्या बाहेर त्या मुलाची आई बाकावर बसली होती, मांडीवर डबा. मी कोण ते सांगितलं. ती रागावली नाही, नुसतं विचारलं, "ताई, तुमच्या गाडीवर कॅमेरा आहे म्हणतात. त्यात काय दिसतं?" मी सांगितलं, इंडिकेटर दिला होता तो ऐकू येतो, आणि आमचा आरसा सैल होता तोही दिसतो. ती म्हणाली, "दोन्ही दाखवणार?" मी हो म्हटलं. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. आता तो मुलगा चालतो, थोडा लंगडत. चवथीला मी त्यांच्याकडे जाऊन आले.

कॅमेऱ्याकडे परत येते. रात्रीचं चित्र पुढच्या लेन्सचं बरं, नंबरप्लेट वीस-पंचवीस पावलांवरून वाचता येते, पण पावसात समोरून झोत आला की सगळं पांढरं. लाल धूळ लेन्सवर रोज बसते, थोरला ती शर्टाच्या टोकाने पुसायचा, त्याने काचेवर ओरखडे आले. मऊ फडकं केबिनमध्येच ठेवावं. चिकटपट्टी पहिल्या पावसाळ्यात एकदा सुटली, दुसरी लावल्यावर टिकली. कार्ड मात्र वर्षाने बदलावंच लागलं, आपल्या दमट हवेत त्याची टोकं काळी पडली होती. सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं महाग कार्ड येतं, तेच घ्यावं. वॉरंटी वर्षाची. जीपीएसची वायर सुटली तेव्हा दुकानदाराने पैसे न घेता बदलून दिली, त्यासाठी मात्र दोनदा म्हापशाला जावं लागलं. पडद्यावरची मराठी भयंकर आहे, "धक्का" ऐवजी "धोका सेन्सर" लिहिलंय, पण बटणं चार दिवसांत पाठ होतात.

मालकाने पैसे वाचवण्यासाठी हा कॅमेरा घेऊ नये असं मी म्हणेन, कारण तो मालकाचंही सगळं दाखवतो. ड्रायव्हरवर नजर ठेवायला घेत असाल तर ड्रायव्हरला आधी विचारा, आणि केबिनमधलं त्याचं फोनवरचं घरगुती बोलणं घरातल्या इतरांना ऐकवू नका. थोरल्याशी माझा तो करार आहे, आवाज मी एकटीच ऐकते.

गेल्या दसऱ्याला तिसरी लेन्स घेतली, डाव्या आरशाखाली बसणारी, बाहेरची, पाण्याला टिकणारी. ३,९०० रुपये, आणि केबिनमध्ये छोटा पडदा. शिवाय डाव्या दारावर आणि बंपरच्या वर गोल फुगीर आरसे, दोन्ही मिळून ७०० सुद्धा नाहीत. हे आरसे कॅमेऱ्याच्या आधी घ्या. पहिल्या दिवशी थोरला साखळीच्या बाजारातून गाडी घेऊन आला आणि बराच वेळ खालीच उतरला नाही. मी जवळ गेले तर तो पडद्याकडे बघत होता. अंगणात माझी पुतणी सायकल घेऊन डाव्या चाकाशी उभी होती.

त्या पडद्याचा एक दोष अजून सुटलेला नाही. रात्री तो फार उजळ असतो आणि काचेत त्याची छाया पडते, उजेड कमी करायची सोय आहे पण गाडी बंद केली की ती सेटिंग जाते. थोरल्याने सध्या त्यावर काळी प्लास्टिकची पट्टी अर्धी चिकटवली आहे. दुकानदार म्हणतो नवं सॉफ्टवेअर येणार आहे. आलं की इथे लिहीन.